स्कॉटलंडने दारूची मर्यादा घटवली, अपघात मात्र घटले नाहीत

५ डिसेंबर २०१४ रोजी स्कॉटलंडमध्ये कायद्यातला एक आकडा बदलला. गाडी चालवणाऱ्याच्या १०० मिलिलिटर रक्तात तोवर ८० मिलिग्रॅमपर्यंत अल्कोहोल चालत होतं. त्या दिवसापासून मर्यादा ५० झाली. श्वासाच्या मापात तीच मर्यादा ३५ मायक्रोग्रॅमवरून २२ वर आली. युरोपातल्या बहुतेक देशांनी ५० किंवा त्याहून कमी मर्यादा केव्हाच स्वीकारली होती, ब्रिटन मात्र १९६७ पासून ८० ला चिकटून होतं. त्यामुळे रस्ते सुरक्षेसाठी झटणाऱ्यांनी या निर्णयाचं मनापासून स्वागत केलं. स्कॉटिश संसदेत तो एकमताने मंजूर झाला.

चार वर्षांनी, डिसेंबर २०१८ मध्ये, ग्लासगो विद्यापीठातल्या संशोधकांचा अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. मर्यादा घटवल्यामुळे अपघात किती कमी झाले, हे त्यांना मोजायचं होतं. ते कमी झालेच नव्हते.

दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांचं कायद्याने काय करावं, ही चर्चा एखादा भीषण अपघात झाला की पेटते आणि दोन मागण्या हमखास पुढे येतात. मर्यादा शून्यावर आणा, आणि शिक्षा अशी ठेवा की पुन्हा कुणाची हिंमत होऊ नये. या मागण्यांमागचा संताप शंभर टक्के खरा आहे. रस्त्याच्या कडेने चाललेल्या माणसाचा काडीचाही दोष नसताना जीव जातो, आणि त्याच्या घरच्यांना पुढची कित्येक वर्षं कोर्टाच्या तारखा मोजाव्या लागतात. पण या दोन्ही मागण्या सभागृहात बसल्या जागी पूर्ण करता येतात. त्यासाठी एकही पोलीस रात्री रस्त्यावर उभा करावा लागत नाही. स्कॉटलंडचं प्रकरण मला एवढ्यासाठी महत्त्वाचं वाटतं की तिथे कागदावरचा आकडा बदलला आणि बाकी जवळपास सगळं होतं तसंच राहिलं. नुसत्या आकड्यात किती बळ असतं, हे इतक्या स्वच्छपणे पाहायची संधी क्वचित मिळते.

हातात आकडा तेवढा होता

स्कॉटलंडने फक्त आकडाच का बदलला, याचं उत्तर त्यांच्या अधिकारांत आहे. वाहतुकीचा मूळ कायदा १९८८ चा आणि तो लंडनच्या संसदेचा. मद्यमर्यादा ठरवण्याचा अधिकार स्कॉटलंडला द्यावा, अशी शिफारस कॅलमन आयोगाने २००९ मध्ये केली आणि २०१२ च्या स्कॉटलंड कायद्याने तो अधिकार मिळालाही. मिळाला तो तेवढाच. शिक्षा किती असावी, पोलिसांनी कुणाची चाचणी कधी घ्यावी, हे लंडनच्याच हाती राहिलं. संशय असो वा नसो, कुणाचीही श्वासचाचणी घेता यावी, हा अधिकारही स्कॉटलंडच्या मंत्र्यांनी मागितला होता. तो दिला गेला नाही.

ही मागणी काही त्यांच्या डोक्यातून अचानक निघालेली नव्हती. २०१० मध्ये सर पीटर नॉर्थ यांच्या अहवालाने ब्रिटनसाठी दोन गोष्टी जोडीने सुचवल्या होत्या: मर्यादा ५० करा, आणि पोलिसांना संशयाशिवाय चाचणी घेण्याचा स्पष्ट अधिकार द्या. लंडन सरकारने २०११ मध्ये मर्यादा घटवायला नकार दिला. स्कॉटलंडने पुढे जोडीतली पहिली गोष्ट आपल्यापुरती केली. दुसरी त्यांना करता येत नव्हती.

तेव्हा ६ डिसेंबर २०१४ च्या रात्री रस्त्यावरचं चित्र आधीसारखंच होतं. गणवेशातला पोलीस कुठलीही गाडी थांबवू शकत होता, पण तोंडाला मशीन लावायचं तर कारण हवं होतं: चालक प्यायला असल्याचा रास्त संशय, वाहतुकीचा एखादा नियम मोडलेला असणं, किंवा अपघात. शिक्षाही जुनीच. दोषी ठरलात तर किमान १२ महिने लायसन्स गेलं, मग रक्तात ५५ सापडो की ८५.

अभ्यासाने काय पाहिलं

संशोधकांनी जानेवारी २०१३ ते डिसेंबर २०१६ अशा चार वर्षांतल्या अपघातांचे दर आठवड्याचे आकडे घेतले. रस्त्यावर गाड्याच कमी धावल्या तर अपघातही कमी दिसतात, म्हणून रहदारीच्या मोजणीशी त्यांचा मेळ घातला. तुलनेसाठी इंग्लंड आणि वेल्स घेतले, कारण तिथे तोच कायदा, तशाच गाड्या, साधारण तसंच हवामान, पण मर्यादा ८० वरच.

स्कॉटलंडचे स्वतःचे आधीचे आणि नंतरचे आकडे पाहिले तर फरक शून्याच्या आसपास. इंग्लंड-वेल्सशी तुलना केली तर स्कॉटलंडमधले अपघात उलट सुमारे ७ टक्क्यांनी जास्त. गंभीर आणि प्राणघातक अपघात वेगळे काढले, रात्री एकट्याच गाडीला झालेले अपघात वेगळे काढले, तरी चित्र तेच. यातला शेवटचा प्रकार फार बोलका असतो. मध्यरात्री समोर कुणी नसताना गाडी रस्ता सोडून कठड्यावर आदळते, तेव्हा दारूचा हात असण्याची शक्यता दिवसाच्या अपघातांपेक्षा कितीतरी जास्त असते. मर्यादेचा परिणाम कुठे दिसायचाच तर तो आधी इथे दिसायला हवा होता.

त्या ७ टक्क्यांचा अर्थ लावताना जपून बोलायला हवं. मर्यादा घटवल्यामुळे अपघात वाढले, असा निष्कर्ष कुणी काढत असेल तर तो चुकीचा आहे. कमी पिऊन माणूस जास्त अपघात करत नाही. दोन प्रदेशांतला फरक इतर कारणांनीही पडू शकतो. 'अपेक्षित घट आली नाही', एवढंच या अभ्यासावरून खात्रीने म्हणता येतं. दारूविक्रीच्या आकड्यांनीही तेच सांगितलं. बारमध्ये बसून पिण्यासाठीची विक्री जेमतेम ०.७ टक्क्याने घटली आणि घरी नेण्याची विक्री जवळपास होती तिथेच राहिली. लोकांचं पिणं बदललं नव्हतं.

नियम लागू झाल्यावर पहिल्या काही महिन्यांत वेगळंच चित्र रंगवलं गेलं होतं. पिऊन गाडी चालवताना पकडलेल्यांची संख्या कमी झाली, म्हणजे कायदा चालला, असं सांगितलं जात होतं. या मोजमापावर माझा बिलकूल विश्वास नाही. मर्यादा खाली आणली की पूर्वी सुटणारे जाळ्यात यायला हवेत, म्हणजे तेवढ्याच चाचण्या घेतल्या तर आकडा वाढायला हवा. तो घटला याचा अर्थ लोक सुधारले असाही होतो आणि पोलिसांनी कमी जणांना फुंकायला लावलं असाही होतो. चाचण्या किती झाल्या हे शेजारी लिहिल्याशिवाय पकडलेल्यांच्या संख्येला काहीच अर्थ नाही.

मर्यादा नेमकी काम कशी करते

५० हा आकडा हवेतून आलेला नाही. अमेरिकेत इंडियाना राज्याच्या पोलीस दलातले रॉबर्ट बोर्केनस्टीन यांनी १९५४ मध्ये रस्त्यावर नेता येईल असं श्वासचाचणीचं यंत्र बनवलं, आणि दहा वर्षांनी ग्रँड रॅपिड्स शहरातल्या मोठ्या अभ्यासातून धोक्याचं गणित मांडलं. रक्तात ६० मिलिग्रॅमला अपघाताचा धोका न प्यायलेल्या चालकाच्या दुप्पट होतो, १०० ला सहा-सात पट, आणि १५० ला सुमारे २५ पट. पुढच्या अभ्यासांत हे आकडे थोडेफार हलले, पण रेघ अशीच चढत जाते.

हे गणित मर्यादेबद्दल दोन गोष्टी सांगतं. एक, ५० ते ८० च्या पट्ट्यातला माणूस स्वतःला पूर्ण शुद्धीत समजत असतो आणि तरी धोकादायक असतो. त्याला कायद्याच्या कक्षेत आणणं योग्यच. दुसरी गोष्ट जास्त अवघड. जीवघेण्या अपघातांतला मोठा वाटा या पट्ट्यातल्या लोकांचा नसतो, तो १२०, १५०, १८० वाल्यांचा असतो. हे लोक ८० ची मर्यादा होती तेव्हाही गुन्हेगारच होते. मर्यादा ५० केल्याने त्यांच्या कायदेशीर स्थितीत काडीचाही फरक पडत नाही. त्यांच्यावर परिणाम व्हायचा तर एकाच मार्गाने होईल: आज पकडले जाऊ, ही धास्ती. आपल्याकडे तिला वचक म्हणतात, आणि वचक राजपत्रात छापून येत नाही.

आता स्कॉटलंडमधल्या रस्त्यावर तो वचक होता का, ते जवळून पाहू. पोलीस गाडी थांबवतो. काच खाली होते. चालक सरळ बसलेला, कागदपत्रं हातात तयार, बोलणं मोजकं. तोंडाला वास येत असेल तर पुढे चाचणी. पण रोज पिणाऱ्याला आपला वास कसा दाबायचा, किती बोलायचं आणि काच किती उघडायची हे पाठ असतं. वर्षानुवर्षं पिणाऱ्या माणसाची जीभ १२० लाही अडखळत नाही. पोलिसाने नुसत्या नजरेने आणि नाकाने पारखायचं ठरवलं की मर्यादेच्या वरचे कितीतरी चालक सुटतात, हे अमेरिकेतल्या नाकाबंद्यांवरच्या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. म्हणजे संशयाची अट नेमक्या त्याच माणसाला वाचवते, ज्याला पकडण्यासाठी कायदा केला. अधूनमधून पिणारा नवखा मुलगा अडकतो, मुरलेला निसटतो. आणि निसटलेला माणूस त्या रात्री एकच धडा घेऊन घरी जातो: एवढं प्यायल्यावरही आपल्याला काही होत नाही.

लॅन्सेटमधल्या अभ्यासाच्या लेखकांनीही घट न येण्याचं संभाव्य कारण म्हणून अपुऱ्या अंमलबजावणीकडेच बोट दाखवलं आहे.

न्यू साउथ वेल्सची दोन वर्षं

हाच प्रयोग ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यात आधी घडून गेला होता, आणि तिथे दोन पावलं दोन वेगळ्या वर्षी पडल्यामुळे प्रत्येकाचं वजन वेगळं पाहता येतं. डिसेंबर १९८० मध्ये त्यांनी मर्यादा ८० वरून ५० वर आणली. थोडा फरक पडला, विशेषतः आठवड्याच्या शेवटी, पण रस्त्यावरच्या मृत्यूंचा वर्षाचा आकडा साडेबाराशे ते तेराशेच्या घरातच रेंगाळला. मग १७ डिसेंबर १९८२ पासून, तीन वर्षांचा प्रयोग म्हणून, कुणाचीही कधीही श्वासचाचणी घेण्याचा अधिकार पोलिसांना मिळाला. १९८३ चा मृत्यूंचा आकडा हजाराच्या खाली आला. प्रयोगाची मुदत संपली तेव्हा तो कायमचा करण्यात आला.

तिथली पद्धत बारकाईने पाहण्यासारखी आहे. रस्त्याची एक बाजू शंकूंनी अडवलेली असते आणि गाड्या एकामागून एक त्या रांगेत घ्याव्या लागतात. चालकाला खाली उतरवत नाहीत. यंत्र तोंडासमोर धरतात आणि एक ते दहा मोजायला सांगतात. बोलताना बाहेर पडणाऱ्या हवेवरूनच प्राथमिक अंदाज येतो. काही नसेल तर गाडी पुढे. "तुम्ही प्यायला आहात का?" हा प्रश्नच नाही, त्यामुळे खोटं बोलायला जागा नाही. जागा बदलत राहते, वेळ बदलत राहते. पहिल्याच वर्षात राज्यातल्या साधारण दर तीन लायसन्सधारकांमागे एक चाचणी झाली. ज्याची स्वतःची झाली नाही, त्याच्या भावाची किंवा शेजाऱ्याची झाली होती. पार्टीला निघताना 'गाडी कोण आणणार' हे आधी ठरू लागलं ते यामुळे.

ब्रिटनने स्वतः याच्या उलटा अनुभव घेतला होता. ९ ऑक्टोबर १९६७ रोजी तिथे ८० ची मर्यादा आणि श्वासचाचणी आली, तेव्हा वाहतूकमंत्री बार्बरा कॅसल होत्या. आधीच्या मसुद्यात संशयाशिवाय चाचणीची तरतूद होती. विरोधापुढे ती गाळली गेली. तरी कायद्याची एवढी चर्चा झाली होती की सुरुवातीला आठवड्याच्या शेवटच्या रात्रींची गंभीर जीवितहानी जवळपास दोन तृतीयांशाने घटली. लोकांना वाटलं, आता प्रत्येक वळणावर पोलीस असेल. तो नव्हता. एक-दोन वर्षांत हे लोकांच्या ध्यानात आलं आणि आकडे पुन्हा चढू लागले. पकडले जाण्याची भीती नुसत्या बातमीनेही तयार होते. ती टिकवायला मात्र पोलीस रस्त्यावर दिसावा लागतो.

संशय नसताना थांबवणं न्याय्य आहे का

या प्रश्नाला घाईत उत्तर देऊ नये. काहीही न केलेल्या माणसाला रात्री थांबवून त्याच्या शरीरातून पुरावा मागणं ही सरकारने घेतलेली मोठी मोकळीक आहे, आणि पोलिसांच्या हाती आलेली मोकळीक कशी वापरली जाते याचे कडू अनुभव जगभर आहेत.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे हा प्रश्न दोन वेगळ्या रूपांत आला. १९७९ मध्ये डेलावेअरच्या प्रकरणात न्यायालयाने म्हटलं की पोलिसाने मनाला येईल ती एकच गाडी विनाकारण थांबवणं घटनेत बसत नाही. १९९० मध्ये मिशिगनची नाकाबंदी समोर आली. तिथे सॅगिनॉ काउंटीत एका रात्री १२६ गाड्या थांबवल्या होत्या, प्रत्येकीला सरासरी २५ सेकंदं, आणि अटक झाली दोघांना. न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी नाकाबंदी वैध ठरवली. मात्र तीन वर्षांनी मिशिगनच्या स्वतःच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्याच्या घटनेखाली तीच पद्धत बंद केली. म्हणजे कायद्याचे जाणकारही यावर एकमत नाहीत.

"१२६ जणांना त्रास देऊन सापडले दोघेच," हा आक्षेप तेव्हाही होता, आजही आहे. मला तो पटत नाही. नाकाबंदीचं काम त्या दोघांपुरतं नसतं. उरलेले १२४ जण घरी जाऊन सांगतात की रस्त्यावर तपासणी चालू आहे, आणि पुढच्या आठवड्यात त्यांच्यातला एखादा किल्ली दुसऱ्याच्या हाती देतो. सापडणाऱ्यांचं प्रमाण कमी असणं हे चांगल्या व्यवस्थेचं लक्षण असू शकतं.

दुसरा आक्षेप अधिकाराच्या गैरवापराचा, आणि इथे डेलावेअर आणि मिशिगनमधला फरक कामाचा आहे. धोका तिथे आहे जिथे कुणाला थांबवायचं हे एकटा शिपाई ठरवतो. संशयाच्या अटीत नेमकं हेच घडतं. संशय येतो तो जुन्या गाडीवर, तरुण पोरांवर, रंगाने आणि पोशाखाने वेगळ्या दिसणाऱ्यांवर. महागड्या गाडीतल्या टापटीप गृहस्थावर तो सहसा येत नाही. सगळ्यांना रांगेत घेणारी तपासणी या अर्थाने जास्त समतेची आहे. अट एवढीच की जागा आणि वेळ वरिष्ठाने लेखी ठरवलेली असावी, एकही गाडी शिपायाच्या मर्जीने सोडली जाऊ नये, चाचणीच्या निमित्ताने डिकी उघडायला लावण्याची मुभा नसावी, आणि घेतलेला श्वास दारूखेरीज दुसऱ्या कशासाठी तपासला जाऊ नये. ही बंधनं पोलिसांच्या आदेशात नकोत, कायद्यातच लिहिलेली हवीत. आदेश एका सहीने बदलतो.

युटाचं अडचणीचं उदाहरण

अमेरिकेतल्या युटा राज्याने ३० डिसेंबर २०१८ पासून मर्यादा ८० वरून ५० केली. संशयाशिवाय प्रत्येकाची चाचणी तिथे होत नाही. तरीही अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या अभ्यासात २०१६ च्या तुलनेत २०१९ मध्ये प्राणघातक अपघातांचा दर जवळपास २० टक्क्यांनी घटलेला दिसला. उरलेल्या देशात ही घट साडेपाच टक्क्यांच्या आसपास होती. म्हणजे नुसता आकडाही काम करू शकतो तर.

माझं मत या उदाहरणाने पूर्ण मोडत नाही, पण त्याला मर्यादा घालतं. युटामध्ये कायदा २०१७ च्या मार्चमध्ये झाला आणि लागू व्हायला पावणेदोन वर्षं गेली. देशातली सगळ्यात कडक मर्यादा म्हणून त्यावर अखंड वाद चालला. पाहणीत पिणाऱ्यांपैकी पाचातल्या एकाहून अधिक लोकांनी सांगितलं की आपण सवय बदलली, मुख्यतः बाहेर पिणार असू तर परतण्याची सोय आधी करून. हा बातमीने आलेला वचक आहे, १९६७ च्या ब्रिटनसारखाच. फरक किती वर्षं टिकतो हे पाहावं लागेल, आणि २०२० नंतरचे आकडे महामारीमुळे वाचणं कठीण झालं आहे.

शिक्षा: ५५ ला आणि १५० ला एकच

एक माणूस मध्यरात्री १५० वर पिणं थांबवतो आणि झोपतो. शरीर तासाला सरासरी १५ मिलिग्रॅमच्या आसपास अल्कोहोल जाळतं. सकाळी सहा वाजता तो कामावर निघतो तेव्हा रक्तात साधारण ६० उरलेलं असतं. ८० च्या मर्यादेत तो निर्दोष होता, ५० च्या मर्यादेत गुन्हेगार आहे. त्याने गाडी चालवायला नको होती, यात शंका नाही. पण त्याला आणि बारमधून निघून १५० वर चाललेल्याला एकच किमान शिक्षा, १२ महिने लायसन्स रद्द आणि कायमचा गुन्हेगारी डाग, हे तराजूत बसत नाही. अशा वेळी पोलिसाचा हातही अडखळतो, सरकारी वकिलाचाही. शिक्षा अवजड केली की ती वापरायला माणसं कचरतात.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने हे २०१० च्या सप्टेंबरमध्ये वेगळ्या प्रकारे सोडवलं. फौजदारी मर्यादा ८० च ठेवली, पण ५० च्या वर सापडलेल्याचं लायसन्स पोलिसाने जागेवरच काढून घ्यायचं: पहिल्या वेळी ३ दिवस, दुसऱ्या वेळी ७, तिसऱ्या वेळी ३०. ८० च्या वर असेल तर ९० दिवस, आणि गाडीही ३० दिवस जप्त. कोर्ट नाही, तारीख नाही, त्या रात्री घरी चालत जायचं. एका अभ्यासानुसार पहिल्या वर्षात दारूशी संबंधित प्राणघातक अपघात सुमारे ४० टक्क्यांनी घटले.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. यंत्राचं चुकलं तर दाद मागायला पुरेशी वाट नव्हती, म्हणून न्यायालयाने २०११ मध्ये या योजनेतला ८० च्या वरचा भाग अडवला. प्रांताने २०१२ मध्ये कायदा दुरुस्त केला: दुसऱ्या यंत्रावर पुन्हा चाचणी मागण्याचा हक्क चालकाला सांगावाच लागेल, आणि कारवाईची फेरतपासणी होईल. २०१५ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने मूळ योजनेतली उणीव मान्य केली. डिसेंबर २०१८ पासून तर साऱ्या कॅनडात संशयाशिवाय श्वासचाचणीचा अधिकार आला. तातडीची शिक्षा आणि दाद मागण्याचा हक्क एकाच कायद्यात नांदू शकतात, फक्त मसुदा करताना दोन्हींचा विचार लागतो.

आणि जो व्यसनी आहे, ज्याचं लायसन्स दोनदा जाऊनही जो पुन्हा चाकामागे बसतो, त्याच्यासाठी यातलं काहीच पुरत नाही. साउथ डकोटा राज्याने २००५ पासून अशांना दिवसातून दोनदा, सकाळी आणि संध्याकाळी, हजर राहून यंत्रात फुंकायला लावलं. प्यायलेला सापडला की त्याच दिवशी कोठडी, पण एक-दोन रात्रींचीच. २०१३ च्या एका अभ्यासात जिल्हा पातळीवर पुन्हा पिऊन गाडी चालवताना होणाऱ्या अटका १२ टक्क्यांनी घटलेल्या दिसल्या, आणि घरातल्या मारहाणीच्या अटकाही ९ टक्क्यांनी. दारू सोडवणं त्यांना जमलं की नाही हा वेगळा विषय, पण उद्या सकाळी फुंकायचं आहे हे माहीत असलेला माणूस आज रात्री थांबतो, एवढं दिसलं.

मग स्कॉटलंडने काय करायला हवं

५० वरून मागे फिरणं चूक ठरेल. अभ्यासात घट दिसली नाही याचं निमित्त करून इंग्लंड आणि वेल्सने ८० वर बसून राहणं, हे तर मला अक्षम्य वाटतं. ६० ला धोका दुप्पट होतो हे सत्य अंमलबजावणीच्या ढिलाईने खोटं ठरत नाही.

लंडनच्या संसदेने संशयाशिवाय चाचणीचा अधिकार वर सांगितलेल्या बंधनांसह द्यावा, आणि ५० ते ८० च्या पट्ट्यासाठी जागेवरची छोटी शिक्षा ठरवण्याची मुभा स्कॉटलंडला द्यावी. स्कॉटलंडच्या सरकारने आपल्या बाजूने दरवर्षी किमान किती चाचण्या होतील हे विधेयकातच लिहावं आणि त्याचा खर्च त्याच विधेयकासोबत मंजूर करावा. न्यू साउथ वेल्सइतकी, म्हणजे दर तीन चालकांमागे एक, ही सुरुवातीची पातळी मागायला हरकत नाही. दर महिन्याला प्रत्येक विभागाने तीन आकडे शेजारी शेजारी छापावेत: चाचण्या किती, सापडले किती, आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत एकट्या गाडीचे अपघात किती. ही मोजणी पोलिसांकडे नको, रस्ते सुरक्षेच्या वेगळ्या यंत्रणेकडे हवी, म्हणजे पहिला आकडा पडला की विधिमंडळात जाब विचारता येईल.